संदेश लोकांना आवडत नाही, मग काय करायचं? उपदेश करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पाळकांसाठी आहेच, पण त्याहून जास्त त्या सभासदांसाठी आहे ज्यांना शनिवारी रात्री फोन येतो की पास्टर बाहेरगावी आहेत, उद्याचा संदेश तुम्ही द्या. प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एकत्र केलेत. क्रम असा काही लावलेला नाही, हवं ते वाचा.

ऐकणाऱ्यांना झोंबणार हे आधीच दिसतंय, तरी सांगायचंच का?

उताऱ्यात असेल तर सांगायचं. उताऱ्यात नसेल आणि फक्त तुमच्या डोक्यात असेल तर नाही सांगायचं, मग ते कितीही खरं असो. ही एवढी एक चाळणी आधी लावली तर निम्मी भांडणं पुलपिटपर्यंत येतच नाहीत, कारण खरं सांगायचं तर "कडक संदेश" म्हणून जे दिलं जातं त्यातलं बरंचसं वचन नसतं, मागच्या कमिटी मीटिंगचा राग असतो.

प्रेषितांची कृत्ये विसाव्या अध्यायात पौल मिलेतमध्ये इफिसच्या वडील मंडळींचा निरोप घेतो. तिथे तो दोनदा सांगतो की मी काही राखून ठेवलं नाही, जे हिताचं ते सगळं सांगितलं. हे वाक्य उपदेशकांना फार आवडतं. पण त्याच भाषणात तो अश्रूंचाही उल्लेख करतो, तोही दोनदा, आणि तीन वर्षं रात्रंदिवस एकेकाला बोध केला असं म्हणतो. राखून न ठेवण्याचा भाग आपण उचलतो आणि अश्रूंचा भाग तिथेच सोडून येतो. मला विचाराल तर बोलायचा अधिकार त्या तीन वर्षांतून आला होता, नुसत्या धाडसातून नाही.

लोक चिडले म्हणजे मी खरं बोललो असंच ना?

नाही. लोक खऱ्या बोलण्यावर चिडतात तसे उर्मट बोलण्यावरही चिडतात आणि बाहेरून दोन्ही राग सारखेच दिसतात.

अमेरिकेतल्या नॉर्थॅम्प्टनचे पाळक जोनाथन एडवर्ड्स यांचं उदाहरण घ्या. १७५० मध्ये मंडळीने त्यांना मत देऊन काढून टाकलं, आणि ही गोष्ट आपल्याकडे अशी सांगितली जाते की बघा, सत्य बोलणाऱ्याला घालवलं. शेवटचा वाद प्रभूभोजनाला कोणी यावं यावर होता आणि तिथे ते मनापासून वचन धरून होते. पण त्याआधी १७४४ मध्ये काय झालं ते कोणी सांगत नाही. गावातली काही तरुण मुलं सुईणींसाठी असलेलं एक पुस्तक चोरून वाचून मुलींची थट्टा करत होती. एडवर्ड्सनी चौकशीसाठी ज्यांना बोलवायचं त्यांची नावं उपासनेनंतर सगळ्यांसमोर वाचून दाखवली, आणि त्यात आरोप असलेले कोण आणि नुसती साक्ष द्यायला बोलावलेले कोण हे वेगळं सांगितलंच नाही. घरी जाईपर्यंत अर्धं गाव पेटलं. ज्या आईबापांच्या मुलांची नावं विनाकारण त्या यादीत गेली त्यांनी सहा वर्षांनी मत कुठे टाकलं असेल याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही.

म्हणून विरोध झाला की आधी हे बघा, लोक कशाला विरोध करतायत. मुद्द्याला, की यादी वाचण्याच्या पद्धतीला. मुद्द्याला असेल तर ठाम राहा. पद्धतीला असेल तर ते दुरुस्त करणं तुमच्याच हातात आहे, त्याला छळ म्हणू नका.

बायबलमध्ये असं नेमकं कोणाबरोबर झालंय? उदाहरण म्हणून कोणाकडे बघावं?

यिर्मयाकडे. बाकीचे आहेतच, पण यिर्मया चाळीस वर्षं न आवडणारा संदेश देत राहिला आणि शेवटपर्यंत कोणी ऐकलं नाही, त्यामुळे या विषयात त्याच्याइतकं कोणी उपयोगाचं नाही. सगळं पुस्तक एका बैठकीत वाचून होत नाही, पण चार जागा तरी वाचाच.

अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा येतो. तो लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं ठीक होईल, बाबेलला नेलेले लोक परत येतील, मंदिराची भांडी परत येतील. यिर्मयाला माहीत आहे की हे खोटं आहे. तरी त्याचा पहिला शब्द काय, तर आमेन, देव तसंच करो. म्हणजे त्यालाही मनातून तेच हवं होतं! आपलं वाईट भाकीत खरं ठरावं असं त्याला वाटत नव्हतं. बाबेलच्या ताब्यात जावं लागणार ही खूण म्हणून यिर्मयाने मानेवर जू घातलेलं असतं. मग हनन्या ते जू काढून मोडतो, सगळ्यांसमोर, आणि यिर्मया काय करतो तर निघून जातो. तिथल्या तिथे उत्तर देत नाही. देवाकडून शब्द आल्यावर परत येतो. ज्यांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाच मिनिटांत उलट मेसेज टाकल्याशिवाय जेवण जात नाही त्यांनी हा अध्याय भिंतीवर लावावा.

छत्तिसाव्या अध्यायात थंडीचे दिवस आहेत, यहोयाकीम राजा हिवाळी महालात शेगडीसमोर बसलाय आणि यिर्मयाची गुंडाळी त्याला वाचून दाखवतायत. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो, असं करत पूर्ण गुंडाळी जळते. यिर्मया आपल्या लेखनिकाला, बारूखला, बसवून पुन्हा सगळं लिहून घेतो आणि वर आणखी मजकूर घालतो. कमी केलेलं काही नाही.

अडतिसाव्यात त्याला चिखलाच्या विहिरीत सोडतात. बाहेर काढणारा कोण? महालातला एबद-मलेख, कूश देशाचा परका माणूस. तो दोर तर आणतोच, पण जुन्या चिंध्याही आणतो आणि वरून सांगतो की दोराखाली काखेत घाल, म्हणजे काचणार नाही. संदेश आवडला नाही म्हणून ज्या मंडळीत सगळे फिरले तिथेही असा एखादा चिंध्या आणणारा असतो, बहुतेक वेळा तो कमिटीवर नसतो.

आणि शेवटचं, बेचाळीस-त्रेचाळीस. यरुशलेम पडलंय, म्हणजे यिर्मया खरा ठरलाय. उरलेले लोक येऊन म्हणतात आमच्यासाठी देवाला विचार, चांगलं असो वाईट असो आम्ही ऐकू. तो दहा दिवस थांबतो. दहा दिवस! मग सांगतो की मिसरात जाऊ नका. ते म्हणतात तू खोटं बोलतोस, आणि मिसरात जातात, आणि त्यालाही बरोबर नेतात. तिथेही तो त्यांच्यातच राहतो आणि तिथेही बोलतो. "मी सांगितलं होतं ना" म्हणून तो वेगळा होऊ शकत नव्हता कारण तो त्यांचाच होता. या पानावरच्या बाकी सगळ्या उत्तरांच्या मागे माझ्या डोक्यात हाच अध्याय आहे. ज्यांना टोचून बोलायचं त्यांच्याबरोबर राहायची तयारी नसेल तर बोलू नये.

थेट बोलावं की आडवळणाने?

दोन्ही बायबलमध्ये आहे. आमोस बघा कशी सुरुवात करतो. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, एकेका शेजाऱ्याचं पाप काढतो. इस्राएलमधले ऐकणारे मान हलवत असणार, बरोबर आहे, बरोबर आहे. मग यहूदा, भाऊबंद, तेव्हा तर आणखी बरं वाटलं असेल. आणि मग इस्राएल, आणि तिथे तो थांबतच नाही, सगळ्यात लांब भाग त्यांचाच. शेजाऱ्याच्या वेळी मान हलवलेली असल्यामुळे आता नाही म्हणायला तोंड उरत नाही. नाथानने दावीदाला मेंढरीची गोष्ट सांगितली तीही तशीच, निकाल दावीदाच्याच तोंडून आला आणि मग "तो मनुष्य तूच आहेस".

पण इथे एक मोठा घोटाळा होतो. नाथान राजाकडे स्वतः गेला होता, तोंडावर बोलला, तो मंदिरात सगळ्यांसमोर मेंढरीची गोष्ट सांगून दावीदाकडे तिरकं बघत बसला नव्हता. आपल्याकडे नाव न घेता टोमणा मारायची जी पद्धत आहे, लेकी बोले सुने लागे, ती नाथानची पद्धत नाही. तिसऱ्या बाकावरच्या कोणाबद्दल चाललंय हे सगळ्या मंडळीला कळतं, फक्त त्या माणसाला उत्तर द्यायची सोय नसते, कारण उपासनेत उठून कोण बोलणार. एकाच माणसाबद्दल असेल तर त्याच्या घरी जा, चहा घ्या, बोला. पुलपिट सगळ्यांच्या पापासाठी आहे.

मंडळीतल्या जातीवर बोलावं का? बोललं की लोक म्हणतात आपल्यात हे राहिलंच नाही.

राहिलं नसतं तर बोलल्यावर कोणी चिडलं नसतं.

नगर, जालना, सोलापूर, पुणे या भागातल्या मंडळ्यांचा इतिहास उघड आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं, १८३१ मध्ये नगरला काम सुरू झालं, आणि पुढे गावोगाव जे लोक आले ते मोठ्या संख्येने महार आणि मांग समाजातले होते. थोडे ब्राह्मण होते, नारायण वामन टिळक आणि पंडिता रमाबाई ही सगळ्यांना माहीत असलेली नावं. आज पाच-सहा पिढ्यांनंतरही लग्नाचा विषय निघाला की बायोडाटा बघताना "पण मुळात ते कोणाचे?" हा प्रश्न हळू आवाजात येतोच, जेवणाच्या ताटावर नाही येत, मंडपावर येतो. ज्या घरात रोज संध्याकाळी कुटुंब प्रार्थना होते त्या घरातही येतो, हे जास्त लागतं.

वचन इथे फार स्पष्ट आहे त्यामुळे आडवळणाची गरज नाही. गलतीकरांस दुसरा अध्याय घ्या. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता, यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आल्यावर हळूच बाजूला झाला, त्याला बघून बाकीचे यहूदी झाले, बर्णबासुद्धा झाला. पौलाने सगळ्यांसमोर त्याला विचारलं. का सगळ्यांसमोर? कारण बाजूला होणं सगळ्यांसमोर झालं होतं. आणि पौलाने हे शिष्टाचाराचं प्रकरण केलं नाही, हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही असं म्हणाला. म्हणजे कोणाबरोबर पंगतीला बसतो हा सुवार्तेचा प्रश्न आहे.

आता व्यवहाराचं. वर्षातून एकदा, तेही एखादी बातमी वाचून तावातावाने, असं बोलू नका. गलतीकरांस पत्र आठवड्यामागून आठवडे घ्या म्हणजे दुसरा अध्याय आपोआप येईल आणि पास्टरांनी मुद्दाम काढलं असं कोणाला म्हणता येणार नाही. आणि बोलण्याआधी आपल्या घरातली सोयरीक कशी झाली याचा विचार करा, कारण उपासना संपल्यावर बायका पहिली चर्चा त्याचीच करणार आहेत, आणि त्यांचं चुकतं असंही नाही.

कमिटी म्हणते माफी मागा नाहीतर पुढच्या रविवारी उभं राहू नका.

१५११ साली, नाताळच्या आधीच्या रविवारी, कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर सांतो दोमिंगो गावात अंतोनियो दे मोन्तेसिनोस नावाचा डॉमिनिकन संन्यासी बोलायला उभा राहिला. समोर स्पॅनिश जमीनदार, अधिकारी, खुद्द कोलंबसचा मुलगा दिएगो. तो म्हणाला तुम्ही या इथल्या लोकांना राबवून मारताय, ही माणसं नाहीत का, त्यांना आत्मा नाही का. दुपारी सगळे मठावर गेले, माफीची मागणी केली. पुढच्या रविवारी चर्च भरलं, सगळ्यांना वाटलं आता शब्द मागे घेणार, आणि त्याने तेच पुन्हा सांगितलं, आणखी जोर देऊन.

शौर्याची गोष्ट म्हणून ही छान आहे पण मला त्यातली एक बारीक गोष्ट जास्त कामाची वाटते. तो उपदेश त्याने एकट्याने लिहिला नव्हता. मठातल्या सगळ्या बंधूंनी मिळून तयार केला आणि त्यावर सह्या केल्या, आणि लोक तक्रार घेऊन आले तेव्हा मठाचे प्रमुख पेद्रो दे कोर्दोबा म्हणाले हा आमच्या सगळ्यांचा उपदेश आहे. म्हणून असा संदेश द्यायचा असेल तर आधी दोन-तीन प्रौढ, शहाण्या लोकांना वाचून दाखवा. त्यांनी "हे वाक्य काढा, हे तुमचं भांडण आहे" म्हटलं तर काढा. त्यांनी होकार दिला तर मग कमिटीसमोर तुम्ही एकटे नसता.

आणि हेही बघा, त्या बेटावर त्या दिवशी कोणी बदललं नाही. हा सगळा प्रसंग आपल्याला माहीत झाला तो बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश पाद्र्याच्या लिखाणामुळे, आणि तो त्या काळात स्वतः तिथल्या मूळ रहिवाशांना तसंच मजूर म्हणून बाळगून होता. ते त्याने सोडलं १५१४ मध्ये, आणि पुढचं सगळं आयुष्य त्याच लोकांसाठी भांडण्यात घालवलं.

माफीबद्दल थोडक्यात: आवाज चढला असेल, कोणाचा अपमान झाला असेल, तर त्याची माफी मागा, मोकळ्या मनाने, सगळ्यांसमोर. उताऱ्याची माफी मागता येत नाही, तो तुमचा नाहीच.

मोठा देणगीदार नाराज होतो.

होईल. १ राजे बाविसावा अध्याय वाचा, चारशे संदेष्टे अहाब राजाला हवं तेच सांगतात आणि मीखाया या संदेष्ट्याला आणायला गेलेला निरोप्या वाटेत सल्ला देतो की सगळे चांगलं बोलतायत, तूही तसंच बोल. तो निरोप्या वाईट माणूस नव्हता, आपल्यातही असे भले लोक असतात. हंगामाच्या सणाला लिलावात कोंबडी आणि भोपळा सगळ्यात जास्त बोली लावून घेणारा माणूस आणि मजुरांची मजुरी थकवणारा माणूस एकच असेल तर याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय त्या वर्षी वगळायचा नाही. बस, एवढंच.

मला उलट अडचण आहे. कितीही कडक बोललं तरी दारात सगळे म्हणतात "संदेश छान झाला पास्टर".

ही जास्त कठीण अवस्था आहे आणि यहेज्केलच्या तेहेतिसाव्या अध्यायाच्या शेवटी तिचं हुबेहूब वर्णन आहे. देव त्याला सांगतो, लोक घरांच्या दारात उभे राहून तुझ्याबद्दल बोलतात, चला ऐकून येऊ म्हणतात, येतात, समोर बसतात, तू त्यांना गोड गळ्याचा, छान वाजवणारा गवई वाटतोस, ऐकतात आणि करत काही नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतो तेच. चौथ्या शतकाच्या शेवटी कॉन्स्टँटिनोपलला बिशप असलेला योहान ख्रिसोस्तोम इतका सुंदर बोलायचा की लोक चर्चमध्ये टाळ्या वाजवायचे, आणि त्याला टाळ्या बंद करा हे उपदेशातच सांगावं लागलं. पुढे त्याच गावातल्या दरबाराने त्याला ४०३ मध्ये आणि पुन्हा ४०४ मध्ये हद्दपार केलं. ४०७ मध्ये आणखी लांब नेत असताना वाटेत तो वारला.

यावर उपाय असा की शेवटी करायची एक गोष्ट नेमकी सांगा. "आपण क्षमा करायला शिकूया" याच्यावर कोणीही छान म्हणेल. "ज्या भावाशी वाटणीवरून बोलणं बंद आहे त्याला आज संध्याकाळी फोन करा" असं म्हणून बघा. दारातली गर्दी कमी होते.

काही कुटुंबं मंडळी सोडून गेली. मी चुकलो का?

नुसतं जाण्यावरून सांगता येत नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात भाकरीवरच्या बोलण्यानंतर पुष्कळ शिष्य निघून गेले आणि येशू त्यांच्यामागे धावला नाही, बारांना मात्र विचारलं की तुम्हालाही जायचंय का. पण त्याने त्यांना ढकललंही नव्हतं. गेलेल्यांच्या घरी एकदा जाऊन या. परत या म्हणायला नाही, ऐकायला.

इंग्लंडमधल्या केंब्रिजला चार्ल्स सिमियन १७८२ मध्ये होली ट्रिनिटी चर्चमध्ये पाळक म्हणून आला तेव्हा लोकांना तो नको होता. त्या काळी बाकांना दारं आणि कुलपं असत. लोकांनी आपापल्या बाकांना कुलूप लावलं आणि आलेच नाहीत, मग ऐकायला येणाऱ्यांना उभं राहावं लागे. त्याने स्वतःच्या पैशाने बाकडी आणून ठेवली तर ती बाहेर फेकली. असं काही वर्षं चाललं. तो त्याच चर्चमध्ये १८३६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चोपन्न वर्षं राहिला. दोन वर्षांत बदली मागणाऱ्यांनी यातलं जे घ्यायचं ते घ्यावं.

मंडळीबाहेरच्या, दुसऱ्या धर्माच्या लोकांसमोर बोलताना काय?

तिथे तुम्ही पाहुणे आहात हे आधी डोक्यात ठेवा. घरच्या मंडळीला पश्चात्ताप करा म्हणणं वेगळं, कारण त्यांनी वचन मान्य केलंय. शेजाऱ्याच्या देवावर टीका करून सुवार्ता सांगता येत नाही आणि बहुतेक वेळा ज्याला आपण "सुवार्तेला विरोध" म्हणतो तो त्या टीकेला असतो. पौल अथेन्समध्ये मूर्ती बघून आतून अस्वस्थ झाला होता, पण अरीयपगावर उभा राहिला तेव्हा सुरुवात त्याने त्यांच्या धार्मिकपणाची दखल घेऊन केली, त्यांच्याच कवींचं वचन घेतलं. मात्र पुनरुत्थान त्याने टाळलं नाही, आणि हसले ते त्या मुद्द्यावरच. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला.

आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर कीर्तन आणि भजन हाताशी धरलं, कारण ज्यांना सांगायचं त्यांचे कान त्यावर घडलेले होते. आणि गंमत म्हणजे त्यांचं सगळ्यात न आवडलेलं बोलणं बाहेरच्यांना नव्हतं, मिशनला होतं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी "देवाचा दरबार" हे ख्रिस्ताच्या अनुयायांचं मंडळ सुरू केलं, परदेशी साच्यात बसवलेला ख्रिस्ती धर्म त्यांना पटत नव्हता.

कायद्याचं म्हणाल तर घटनेचं पंचविसावं कलम धर्माचा प्रचार करायचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आमिष, पैसा, दबाव यांच्या जवळपासही जायचं नाही, कायदा म्हणतो म्हणून तर नाहीच, पण विकत घेतलेला विश्वास प्रभूलाही नको असतो.

राजकारणावर बोलायचं का?

पक्षावर नाही, पापावर हो, मग ते सत्तेतल्याचं असलं तरी. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याने हेरोदाला भावाची बायको ठेवणं योग्य नाही एवढंच सांगितलं होतं, कोणाला निवडून द्या असं नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाणी, झाडं, जमीन यासाठी उभे राहिले आणि बिल्डरांच्या बाजूने असलेल्यांना ते चांगलंच झोंबलं. विषय लोकांच्या विहिरींचा होता आणि म्हणून गावाने ऐकलं. मतदान कोणाला करावं हे मात्र पुलपिटवरून सांगू नका, आपल्याच बाजूचं असलं तरी.

ज्या पापावर बोलायचंय ते माझ्यातच आहे.

मग स्वतःपासून सुरू करा. सगळा तपशील मंडळीसमोर काढायची गरज नाही, त्याचाही एक दिखाऊपणा असतो. पण "तुम्ही" ऐवजी "आपण" म्हणा, आणि ते मनापासून म्हणा. कुसळ आणि मुसळ पाठ असतं सगळ्यांना. गंभीर पाप असेल तर मात्र त्या रविवारी दुसऱ्या कोणाला उभं करा आणि पाळकांशी किंवा विश्वासातल्या वडीलधाऱ्याशी बोला.

कधी गप्पच बसावं?

मयताला. अंत्यविधीच्या वेळी मेलेल्या माणसाची दारू काढणारे उपदेशक मी ऐकलेत, त्याची म्हातारी आई पहिल्या रांगेत बसलेली असते, पदराचा बोळा तोंडात धरून, आणि ह्यांचं चाललंय की पापाचं वेतन मरण. वचन खरं आहे, वेळ भयंकर आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत ते फार चांगले मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं.

घरच्यांना त्रास होतो. बायको म्हणते तुम्ही बोलून मोकळे होता, बोलणी मी ऐकते.

बरोबर म्हणते. कठीण संदेश द्यायचा असेल तर तिला शनिवारीच सांगा, रविवारी महिला मंडळात तिला अचानक कळायला नको. मुलांना संडे स्कूलमध्ये कोणी काही बोललं का हे विचारा. आणि तुमचा स्वतःचा जीव थकला असेल तर १ राजे एकोणिसाव्या अध्यायातला एलीया आठवा, मरण मागत झाडाखाली पडला होता, देवाने आधी उपदेश नाही केला, झोपू दिलं, खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं.

उपासनेनंतर कोणी सभासद म्हणाला की तुम्ही उतारा चुकीचा लावलात, तर?

त्याचे आभार माना आणि घरी जाऊन बघा. बिरुयाचे लोक पौल सांगतो ते रोज शास्त्रात तपासून बघत आणि लूक त्यासाठी त्यांचं कौतुक करतो. अपुल्लो विद्वान होता, पण प्रिस्किल्ला आणि अक्विला या नवराबायकोने त्याला आपल्याकडे नेऊन जास्त नीट समजावलं, आणि त्याने ऐकून घेतलं. जो उपदेशक इतरांना न आवडणारं ऐकवतो आणि स्वतःला न आवडणारं ऐकून घेत नाही त्याचं लोक फार दिवस ऐकत नाहीत. कान खाजण्याबद्दलचं वचन, २ तीमथ्य चौथा अध्याय, आपण नेहमी श्रोत्यांना लावतो. उपदेशकाचे कानही खाजतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेशावरून वाद सुरू झाला तर?

ग्रुपवर एकच ओळ: "याबद्दल भेटून बोलू, बुधवारी संध्याकाळी मी चर्चमध्ये आहे." आणि बुधवारी खरोखर तिथे बसा. बहुतेक वेळा ग्रुपवर सगळ्यात जोरात लिहिणारे येत नाहीत, ज्यांनी काहीच लिहिलं नव्हतं असे एक-दोघं येतात, त्यांना खरंच काहीतरी लागलेलं असतं.

असा संदेश किती लांब असावा?

नेहमीपेक्षा छोटा. वीस मिनिटं पुरे. लोक अस्वस्थ आहेत हे दिसलं की उपदेशक घाबरून समजावत बसतो, तेच तीनदा सांगतो, मग सावरायला एक विनोद, मग आणखी एक दाखला, आणि चाळिसाव्या मिनिटाला लोकांना मूळ उतारा आठवत नाही, पंखा बंद होता एवढं आठवतं. उतारा वाचा, तो काय म्हणतो ते सांगा, करायची गोष्ट सांगा, प्रार्थना करा, बसा. शेवटचं गीत नेहमीचंच ठेवा, मुद्दाम शोधून काढलेलं झोंबणारं नको. आणि दारात उभं राहायचं, मागच्या दाराने वेस्ट्रीतून निघून जायचं नाही. ज्याला हात मिळवायचा नसेल तो नाही मिळवणार, त्याला "दादा, आईची तब्येत कशी आहे" एवढं विचारा, आणि आई खरोखर आजारी असेल तर सोमवारी जाऊन या.